बावीसवरून अठरावर

"आपल्या ताब्यातील वाहनाच्या इंधन-कामगिरीत अचानक घट झाली असून, त्याबाबत लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा."

हे वाक्य मी टाईप केलं. सोमवारी सकाळी, माझ्याच टेबलावर, माझ्याच हातांनी. आणि पत्र ज्याच्या नावाने निघालं तो माझा सख्खा मामा. वाक्यातला एकही शब्द माझा नव्हता, साहेब शेजारी उभे राहून सांगत होते, तरी टाईप करताना माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. ज्या माणसाने तीस वर्षांत पेट्रोलचा थेंब वाया घालवला नाही, त्याला विचारताहेत, पेट्रोल कुठे गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर माझा राग तुम्हाला उगीचचा वाटेल.

आमची तपासणीची लॅब आहे. शहरभरच्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि थंड पेट्यांतून वेळेत लॅबमध्ये पोचवायचे, यासाठी सात गाड्या आहेत. सातही पांढऱ्या, सातही एकाच दिवशी घेतलेल्या. मी वाहन विभागात बसते. कुठली गाडी किती पळली आणि किती प्यायली, हे वहीत लिहिणं माझं काम. चार नंबरची गाडी मामाकडे. घरी मी त्याला अरे-तुरे करते, लॅबमध्ये "अहो मामा" म्हणते. तिथे तो सगळ्यांचाच मामा आहे.

मामा गाडी कशी चालवतो हे सांगायला लागले की लोकांना मी फुशारकी मारतेय असं वाटतं. पण त्यात जादू काही नाही, नुसती चिकाटी आहे. दर सोमवारी सकाळी, गाडी जागची हलायच्या आत, तो चारही टायरांची हवा मोजतो. त्यासाठी स्वतःचा गेज आहे, जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवलेला. पंपावरच्या गेजवर त्याचा विश्वास नाही. "टायर थंड असतानाच विचारायचं," तो म्हणतो, "तापलेला टायर आणि तापलेला माणूस, दोघं खरं सांगत नाहीत." सातही गाड्यांच्या टपावर लोखंडी कॅरिअर होता. कधीकाळी त्यावर पेट्या बांधायचे, आता पेट्या आत बसतात, पण कॅरिअर काढायचं कुणाला सुचलं नाही. मामाने पहिल्याच आठवड्यात आपल्या गाडीवरचा कॅरिअर बोल्ट काढून उतरवला आणि स्टोअरमध्ये ठेवला. डिकीतून आधीच्या ड्रायव्हरचं रिकामं कॅन, तुटका जॅक, पोतंभर चिंध्या बाहेर काढल्या. दवाखान्याच्या दारात थांबला की इंजिन बंद. जाड तळव्याचे बूट तो गाडीत घालत नाही, कापडी घालतो, कारण जाड तळवा म्हणे पायाला बहिरं करतो.

मला गाडी शिकवली तीही त्यानेच. लांबवर सिग्नल लाल दिसला आणि मी नेहमीसारखी पाय दाबून निघाले, तर शेजारून शांतपणे विचारलं, "काय गं, धावत जाऊन उभं राहायला कुणी सांगितलंय?"

"म्हणजे?"

"लाल आहे ना पुढे? मग आत्ताच पाय उचल. गिअर राहू दे. गाडी जाते आपली आपण. तू पोचशील तोवर हिरवा होईल, नाही झाला तर नाही झाला. ब्रेक दाबलास की समजायचं, मघाशी जाळलेलं सगळं फुकट गेलं."

असा माणूस. घरी भात शिजत आला की दोन मिनिटं आधीच गॅस बंद करतो आणि म्हणतो, उरलेलं काम पातेलं करतं. मामी म्हणते, "हा भांडतोसुद्धा टॉप गिअरमध्ये. आवाज नाही, धूर नाही, आणि भांडण लांबवर जातं."

तर चार नंबरची गाडी लिटरला बावीस किलोमीटर द्यायची. बाकीच्या पाच सतरा-अठरा. आणि सहा नंबर साडेतेरा.

आता चूक कुणाची ते ऐका. माझी.

मामाचा मला अभिमान. तीन वर्षं तो बावीस काढत होता आणि माझ्या वहीबाहेर ते कुणाला माहीत नव्हतं. एक दिवस मला हौस आली. मी सातही गाड्यांचा तक्ता केला, बावीसभोवती लाल पेनने गोल काढला आणि पाण्याच्या कूलरशेजारच्या फळ्यावर टाचला. वाटलं, येता-जाता लोक बघतील, म्हणतील, वा मामा. त्याच आठवड्यात वाहन विभागाला नवे साहेब आले. पाणी प्यायला म्हणून कूलरपाशी थांबले आणि तक्त्यापुढेच उभे राहिले.

या साहेबांना पाठीमागे सगळे 'टक्के' म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य टक्क्यावर संपतं. ते स्वतः गाडी चालवत नाहीत. त्यांना येत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा नियम आला. महिन्यातली सर्वांत चांगली गाडी हे माप. मापापासून चार किलोमीटरची सूट. त्याच्याही खाली जो सलग तीन महिने जाईल, त्याच्या गाडीची किल्ली काढून घेणार. किल्ली काढून घेणार म्हणजे नोकरी गेली, पण तसं लिहायचं नसतं.

बावीसातून चार गेले, अठरा. पाच जणांनी कॅरिअर उतरवले, हवा भरली, आणि शिव्या देत देत अठराच्या काठावर येऊन बसले. त्या शिव्या साहेबांना नव्हत्या, मामाला होत्या. दुपारी सगळे ड्रायव्हर जिन्याखाली चहा पितात, तिथे मामा आला की बोलणं थांबायला लागलं. दोन नंबरचा ड्रायव्हर एकदा तोंडावर म्हणाला, "मामा, तुमचा पाय हलका, पण आमच्या गळ्यावर पडलाय." मामाने चहा अर्धा ठेवला. मला वाटलं, त्या ड्रायव्हरला चार शब्द सुनवावेत. पण सुनवायचं कुणाला? तक्ता तर मीच लावला होता. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

तरी ते पाच जण निभावले. अडकली सहा नंबर.

सहा नंबरवर वहिनी. पूर्वी तिचा दीर इथे ड्रायव्हर होता, म्हणून ही सगळ्यांची वहिनी. तिचा रूट डोंगरावरच्या वस्तीचा. नदीकाठून निघायचं आणि वळणावळणाने माथ्यापर्यंत, दिवसातून दोन फेऱ्या, दर वळणावर पहिला गिअर. तिथे पक्षीसुद्धा थांबत थांबत जातो. दिराने हा रूट दोन वर्षांत सोडला. वहिनी पाच वर्षं चालवतेय आणि एक नमुना उशिरा आलेला नाही. घरात मात्र दीर आणि सासरे वाटच बघत होते, हिची किल्ली कधी जाते आणि ही कधी घरी बसते. "बाईमाणसाच्या हातात डोंगराची गाडी," असं दीर जेवताना रोज म्हणायचा. आणि आता त्याच्या बाजूने आकडा उभा राहिला होता.

पहिल्या महिन्यात वहिनी साडेतेरा. नापास.

मामा आपल्या सुट्टीच्या दिवशी तिच्या गाडीत जाऊन बसायला लागला. चार रविवार. चढाला आधीपासून वेग कसा धरायचा, वळणाच्या आत गिअर कसा टाकायचा, उतारावर गिअरमध्येच ठेवून पाय कसा उचलायचा. "उतारावर गिअर काढायचा नाही, वहिनी. पाय उचललात की गाडी पेट्रोल पीतच नाही. आणि इंजिन तुमच्या वतीने ब्रेक धरतं." वहिनीने ते वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या महिन्याचा हिशोब आला, चौदा पूर्णांक आठ. ती माझ्या टेबलाशी आली तेव्हा पदवी मिळाल्यासारखा चेहरा होता. मग तिने तक्त्यावरचा अठरा बघितला.

त्या डोंगरावर खुद्द मामालाही सोळाच्या वर काढता आले नसते. हे मला मामानेच सांगितलं.

तिसरा महिना लागला आणि चौथ्याच दिवशी सहा नंबरची डावी बाजू उतारावरच्या संरक्षक भिंतीला घासली. वहिनीला लागलं नाही. पेटी उलटली, अठ्ठावीस नळ्या फुटल्या, अठ्ठावीस माणसांना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. ती गाडी घेऊन आवारात आली तेव्हा मामा आणि मी, दोघंच तिथे होतो. मामाने दाराचा पत्रा बघितला, मग टायर बघितले, मग तिच्याकडे बघितलं.

"इंजिन बंद केलं होतंत?"

वहिनी उलटलेल्या पेटीतल्या काचा वेचायला लागली.

"वहिनी, मी विचारतोय."

"उतारावरच, मामा. चढताना जातं ते उतारावर वाचवायचं म्हणून."

"पाय उचललात की पीत नाही, सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं होतं. पण वाटलं, बंद म्हणजे बंदच. त्याहून कमी काय असणार?"

"इंजिन बंद झालं की ब्रेकचा जोरही जातो. दगड झाला असेल ब्रेक."

"पहिल्यांदा लागला. दुसऱ्यांदा अर्धा लागला. तिसऱ्यांदा मी दोन्ही पायांनी उभी राहिले त्याच्यावर. स्टेअरिंग हलेना. मग मुद्दाम भिंतीला लावली, नाहीतर खाली गेले असते."

मामा पायरीवर बसला. मी त्याला इतक्या वर्षांत रागावलेलं बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं. आवाज चढला नाही, पण हातातला गेज त्याने मोज्यात न गुंडाळताच खिशात कोंबला. "तुमचं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "माझ्या बावीसने तुम्हाला भिंतीवर घातलं."

तो तसाच उठून साहेबांकडे गेला. मी फाईल घेऊन मागे गेले, कारण मला ऐकायचं होतं.

"या मामा," टक्केसाहेब म्हणाले. "तुम्ही तर आमचे आदर्श. तुमच्यामुळे विभागाची कामगिरी तीन टक्के वाढली."

"साहेब, सहा नंबरला चढ आहे."

"मान्य. पण चढ आहे तेवढाच उतारही आहे ना? चढलं ते उतरलं. सरासरी शून्य."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मामाने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं तो क्लच न दाबता गिअर टाकणाऱ्याकडे बघतो.

"तसं नसतं साहेब. चढाला जळतं ते उतारावर परत टाकीत येत नाही. मला महिनाभर डोंगरावर पाठवा. वहिनी माझा रूट करतील. मग माझा आकडा बघा."

"म्हणजे आपली सर्वांत चांगली गाडी आपणच खाली आणायची? वर काय दाखवू मी?"

मामा खिडकीशी गेला. खिडकीतून आवार दिसत होतं. "साहेब, खाली तुमची गाडी चालू आहे."

"हो, निघायचंय मला."

"वीस मिनिटं झाली."

"आत फार तापतं हो. एसी लावून ठेवतो तो ड्रायव्हर, नाहीतर बसवत नाही."

साहेबांची गाडी त्या तक्त्यात नाही. ती वहीतही माझ्याकडे येत नाही. रोज दुपारी ती वीस-पंचवीस मिनिटं जागच्या जागी घरघरते, साहेबांची सीट गार व्हावी म्हणून, आणि डोंगर चढणारी बाई नापास. हे मला तेव्हाच ओरडून सांगायचं होतं. मी फाईल छातीशी धरून उभी राहिले, आणि त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

खाली आल्यावर मी मामाला म्हटलं, "मामा, वही माझ्या हातात आहे. तुझ्या नावापुढे मी अठरा लिहिते. कुणाला कळणार नाही. माप खाली येईल, वहिनी पास होईल."

"वहीला हात लावलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

"मग काय करणार तू?"

"आकडा उतरवायचाच आहे ना? मग खरा उतरवायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्टोअरमधून आपला कॅरिअर काढला आणि टपावर पुन्हा बसवला. त्याच्यावर रिकामे खोके बांधले. डिकीत सहा जुन्या, मेलेल्या बॅटऱ्या भरल्या, एकेक बॅटरी उचलताना कमरेला हात लावत. टायरांना मात्र हात लावला नाही. "टायर म्हणजे जीव," म्हणाला, "त्याच्याशी खेळ नाही." हवा त्याने त्याही सोमवारी मोजली.

मग तो तसा गाडी चालवायला लागला, जशी त्याने कुणाला कधी चालवू दिली नव्हती. सिग्नल सुटला की इंजिन बोंबलेपर्यंत पहिल्याच गिअरमध्ये. पुढचा सिग्नल लाल दिसत असताना तिथवर पळवत न्यायची आणि करकचून थांबवायची. मी एकदा शेजारी बसून गेले आणि परत बसले नाही. मामी म्हणाली, घरी येतो, जेवतो, भिंतीकडे तोंड करून पडतो. भातही आता पूर्ण शिजू देतो. भात दोन मिनिटं जास्त शिजला म्हणून कुणी रडत नाही, पण मामी त्या दिवशी पदर डोळ्यांना लावत होती.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी लवकर आले. आवारात चार नंबर उभी होती, इंजिन चालू, आत कुणी नाही. मामा पायरीवर बसला होता, गाडीकडे पाठ करून.

"किती झाली?" त्याने विचारलं.

"काय?"

"मिनिटं. मी घड्याळ बघितलं तर उठून बंद करीन. तू बघ."

मी बघितलं. "सव्वाआठ वाजलेत."

"मग बारा झाली. अजून आठ." त्याने दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून धरले होते. ती आठ मिनिटं मीही तिथे बसले. एखाद्या घरात नळ उघडा राहावा आणि आपल्याला बांधून ठेवलेलं असावं, तसं वाटत होतं.

महिना संपला. चार नंबर, अठरा पूर्णांक तीन. दोन नंबर पहिली आली, साडेअठरा. म्हणजे माप साडेअठरा, सूट वजा जाता साडेचौदा. वहिनी चौदा पूर्णांक नऊ.

दोन नंबरच्या ड्रायव्हरने जिन्याखाली सगळ्यांना चहा पाजला आणि मामालाही दिला. "काय मामा, उतरली का गाडी?" तो म्हणाला. "उतरली बाबा," मामा म्हणाला, आणि या वेळी चहा पुरता प्यायला. वहिनी धावत आली. तिला काहीच माहीत नव्हतं, अजूनही नाही.

"मामा, मी बसले मापात. दिराला आज ताटावरच सांगते."

"तुमच्या पायाचं काम आहे, वहिनी," मामा म्हणाला. "चौदा-नऊ त्या डोंगरावर कुणी काढले नव्हते."

आणि ते खरंच होतं. मामा एवढ्या सगळ्या प्रकरणात एक शब्द खोटा बोललेला नाही.

मग सोमवारी ते पत्र. मामाने ते उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली आणि माझ्या समोरच्या खुर्चीवर बसला. अक्षर माझं चांगलं, म्हणून खुलासा मीच लिहायचा असं ठरलं. मी कागद ओढला. कॅरिअर, बॅटऱ्या, डोंगर, भिंत, अठ्ठावीस नळ्या, साहेबांची गार सीट, सगळं माझ्या पेनच्या टोकाशी आलं होतं.

"ते लिहिलंस तर उद्या वहिनींची किल्ली जाईल," मामा म्हणाला.

"मग खोटं लिहू?"

"खोटं कशाला? लिही, वय झालं."

"मामा."

"झालंय की. ते तर खरं आहे."

मी लिहिलं. "वय झाल्यामुळे." तीस वर्षांची नोकरी त्या दोन शब्दांत घालून त्याने खाली सही केली, कापडी बुटांनी आवाज न करता जिना उतरला आणि खाली गेला. नियम अजून आहे. वहिनीचा डोंगरही अजून आहे. मामाला निवृत्त व्हायला चौदा महिने उरलेत, आणि ते चौदाही महिने त्याला अठरातच काढायचेत.

साहेब खुलासा न्यायला माझ्या टेबलाशी आले. त्यांनी तो वाचला, मान हलवली आणि खिडकीतून खाली बघितलं. आवारात चार नंबर उभी होती, रिकामी, इंजिन चालू. मामा पाठ करून पायरीवर बसला होता.

"बघा," साहेब मला म्हणाले. "उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून बसलाय हा माणूस. म्हणे वय झालं. अशाने ॲव्हरेज पडणार नाही तर काय होणार? दुसरं पत्र तयार ठेवा."

चार नंबरच्या शेजारी, हातभर अंतरावर, साहेबांची गाडी उभी होती. तीही रिकामी होती आणि तिचंही इंजिन चालू होतं. साहेबांना एकच गाडी दिसली.